कोयत्याचे गाव कोणते?

गुढीपाडवा उलटला, की बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील वाड्या-वस्त्या पुन्हा माणसांनी भरू लागतात. ऊसतोडीचा हंगाम आटोपून ट्रॅक्टर आणि मालमोटारी परततात. पाच-सहा महिने कुलूप लागलेल्या घरांची दारे उघडतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, परळी या तालुक्यांतील शिक्षकांना आणि तलाठ्यांना हे दृश्य नवे नाही. पुढे जून उजाडतो, आणि याच वस्त्यांतील मुले-मुली तालुक्याच्या सेतू केंद्रासमोर रांगेत उभी राहतात. कोणाला महाविद्यालयात प्रवेश हवा असतो, कोणाला पोलीस भरतीचा अर्ज भरावयाचा असतो, कोणाला परिचारिकेच्या अभ्यासक्रमाची आशा असते. त्यांतील अनेकांना एक कागद हमखास लागतो. त्याचे अधिकृत नाव ‘वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र’.

नाव लांबलचक आहे, पण अर्थ सरळ आहे. तुझे वय किती, तू कोणत्या देशाचा आणि तू राहतोस कोठे, हे तीन प्रश्न शासन नागरिकाला विचारते. बीड जिल्ह्यात जन्मलेल्या, मराठीखेरीज दुसरी भाषा न बोलणाऱ्या मुलीला यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर देणे अवघड जाऊ नये. प्रत्यक्षात ते अवघड जाते. कारण उत्तर तोंडी चालत नाही. महाराष्ट्रात पंधरा वर्षे वास्तव्य असल्याचा पुरावा लागतो. तो सातबाऱ्यातून, घरपट्टीच्या पावतीतून, वीजबिलातून, शिधापत्रिकेतून आणि शाळेच्या दाखल्यातून उभा करावयाचा असतो. ज्या कुटुंबाचे अर्धे आयुष्य कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट या जिल्ह्यांच्या फडांत गेले, त्या कुटुंबाजवळ यांतील किती कागद असतील, याचा विचार नियम करणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही.

कागद कोणाचा तयार होतो?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, कागद हा कष्टाचा पुरावा नसून स्थैर्याचा पुरावा होय. ज्याची जमीन आहे त्याचा सातबारा असतो. ज्याला पगार आहे त्याचे हजेरीपत्रक, वेतनचिठ्ठी आणि भविष्य निर्वाह निधीचे खाते असते. एखाद्या लिपिकाने नोकरीची वीस वर्षे कोठे काढली हे सिद्ध करण्यासाठी त्याला स्वत: काहीच करावे लागत नाही. त्याचे कार्यालयच ते दरमहा सिद्ध करीत असते. मालमत्ता आणि पगार यांच्या मागोमाग कागद आपोआप चालत येतात. ज्याच्याजवळ या दोहोंपैकी काहीच नाही, त्याला प्रत्येक कागद मुद्दाम मिळवावा लागतो, आणि तो मिळविण्याच्या दिवशीची मजुरी बुडते ती वेगळीच.

ऊसतोडीच्या व्यवसायात तर हिशेबाची रीतच अशी आहे, की मजुराचे नाव कोठे उमटूच नये. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. दोघांच्या श्रमाची ही एकत्र मोजणी स्त्रीचे स्वतंत्र अस्तित्व पहिल्याच पायरीवर पुसून टाकते. हंगामापूर्वी मुकादम ‘उचल’ देतो आणि तोडलेल्या टनांतून ती फेडून घेतो. कारखान्याचा करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी असतो. काट्यावर वजन होते ते उसाचे, आणि पावतीवर येतो तो वाहनाचा क्रमांक. कोणत्या कोयत्याने कोणत्या फडात किती दिवस काम केले, याची नोंद असलीच तर ती मुकादमाच्या वहीत असते, आणि ती वही त्याच्या खिशात असते. उचलीपोटी मजुराचा अंगठा किंवा सही मात्र अनेकदा मुद्रांकावर घेतली जाते. म्हणजे कर्जाचा कागद होतो, कामाचा होत नाही.

महाराष्ट्राच्या सहकारी साखर कारखानदारीने नोंदींची मोठी परंपरा निर्माण केली आहे. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी जो प्रयोग केला, त्याने ऊस पिकविणाऱ्याला सभासदत्व दिले, भागाचा दाखला दिला, त्याच्या प्रत्येक गाडीचा हिशेब ठेवला. ऊस तोडणाऱ्याला मात्र त्या वहीत रकाना मिळाला नाही. आजही त्याच्या कल्याणासाठी स्थापन झालेल्या गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याची योजना आहे. कल्याणाचा निधीही टनावर मोजला जातो. टनाची नोंद बिनचूक राहते. तो तोडणाऱ्या माणसाची नोंद करण्याचे काम मात्र मागाहून सुचलेले काम ठरते.

जन्म फडात, घर डोंगरात

ही उणीव जन्मापासूनच सुरू होते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्माची नोंद तो ज्या ठिकाणी झाला त्या ठिकाणी करावयाची असते. पाटोद्याच्या बाईची प्रसूती डिसेंबरात कागलजवळच्या कोपीवर झाली, तर नोंद तेथील ग्रामपंचायतीत व्हावयास हवी. एकवीस दिवसांच्या आत परक्या गावची ग्रामपंचायत शोधून नोंद करणे ज्यांना जमत नाही, त्यांचे मूल नोंदीविनाच वाढते. पुढे शाळेत घालताना मास्तर अंदाजाने जून महिन्यातली एखादी तारीख लिहितात, आणि तीच त्याची जन्मतारीख ठरते. वर्ष उलटल्यानंतर नोंद करावयाची तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीने ही गोष्ट अधिकच महत्त्वाची झाली आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, सरकारी नोकरी अशा अनेक कामी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा मानला जाणार आहे. त्या तारखेनंतर कोपीवर जन्मलेली मुले आणखी काही वर्षांनी सेतू केंद्राच्या रांगेत येतील, तेव्हा मास्तरांनी लिहिलेली तारीख त्यांच्या उपयोगी पडणार नाही.

नागरिकत्वाचा कायदाही याच दिशेने सरकत गेला आहे. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला माणूस केवळ जन्मामुळे नागरिक ठरे. त्या तारखेनंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत आई-वडिलांपैकी एकजण नागरिक असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक असावेत, किंवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, अशी अट आली. याचा व्यवहारातला अर्थ असा, की मुलाचे नागरिकत्व आता आई-वडिलांच्या कागदांवर टेकलेले आहे, आणि ज्यांचे कागद कधीच झाले नाहीत अशा पिढीकडे ते मागितले जात आहेत.

जातीच्या प्रमाणपत्राची कथा याहून बिकट आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांना आपले पूर्वज महाराष्ट्राच्या हद्दीत राहत होते, हे अर्जदाराने दाखवावयाचे असते. १९६१ साली ज्याचे पाल आज या माळावर तर उद्या त्या ओढ्याकाठी असे, त्या आजोबाच्या वास्तव्याचा पुरावा त्याच्या नातवाने कोठून आणावा? आजोबा शाळेत गेलेला नाही, म्हणून शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत तो नाही. जमीन नाही, म्हणून खासरा पत्रकात नाही. झोपडी गायरानावर, म्हणून ग्रामपंचायतीच्या नमुना आठ-अ मध्येही बहुधा नाही. येथे इतिहासाची एक क्रूर विसंगती नजरेत भरते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द होईपर्यंत ब्रिटिश अमलातील अनेक भटक्या जमातींची हजेरी नियमितपणे घेतली जात होती. संशयासाठी ज्यांची नोंद काटेकोर ठेवली गेली, हक्क मागण्याची वेळ येताच तेच लोक नोंदीवाचून राहिले.

अधिवास म्हणजे नेमके काय?

सेतू केंद्रात विचारला जाणारा प्रश्न मराठवाड्याला तसा नवा नाही. निजामाच्या राजवटीत ‘मुल्की’ आणि ‘गैरमुल्की’ हा वाद दीर्घकाळ गाजला. १९१९ च्या मुल्की नियमांनुसार राज्याबाहेरून आलेल्याला सरकारी नोकरीसाठी मुल्की ठरावयाचे तर साधारणत: पंधरा वर्षांचे कायम वास्तव्य लागे, आणि मूळ गावी परत जाण्याचा विचार सोडून दिल्याचे लेखी सांगावे लागे. पंधरा वर्षांचा तोच आकडा आजच्या अधिवास प्रमाणपत्रातही भेटतो, हा योगायोग असेलही. मात्र त्या जुन्या नियमात एक तत्त्व स्पष्ट होते: माणूस कोठला, हे केवळ तो किती दिवस कोठे राहिला यावर ठरत नाही. तो अखेर परतणार कोठे, यावर ते ठरते.

कायद्याच्या परिभाषेत अधिवासाचा गाभा हाच होय. वास्तव्य आणि तेथे कायम राहण्याचा हेतू यांच्या संयोगातून अधिवास सिद्ध होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली प्रदीप जैन प्रकरणात तर असे स्पष्ट केले, की भारतात नागरिकत्व एकच आणि अधिवासही एकच, तो म्हणजे भारताचा. राज्यापुरता ‘अधिवास’ म्हणून जे म्हटले जाते ते वस्तुत: वास्तव्य होय.

ही कसोटी ऊसतोड कामगाराला लावून पाहावी. तो दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास जातो आणि दरवर्षी परत येतो. फडात त्याने घर बांधलेले नसते. कोपी उभारली जाते ती मोडण्यासाठीच. आई-वडील गावी, पीक असेल ते गावी, मुलीचे लग्न गावी, देवकार्य गावी आणि मयतीची माती गावी. लिपिकाच्या नजरेला त्याचे सहा महिन्यांचे गैरहजर असणे दिसते. खरे पाहता, वीस वर्षे न चुकता परत येणे हाच त्याच्या अधिवासाचा सर्वांत बळकट पुरावा होय. एकाच गावी बसून राहणाऱ्याने गाव निवडलेले असतेच असे नाही. दरवर्षी परतणाऱ्याने ते दरवर्षी निवडलेले असते.

जगाचा अनुभव

बेभरवशाच्या कामावर जगणाऱ्यांनी आपले वास्तव्य सिद्ध कसे करावे, हा प्रश्न केवळ बीडचा नाही. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांतून आलेल्या हजारो लोकांनी तेथे उभी हयात काढली. पुढे स्थलांतराचे नियम कडक झाल्यावर त्यांच्याकडे वास्तव्याच्या प्रत्येक वर्षाचा कागद मागितला जाऊ लागला. ज्यांच्या आधारे त्यांचे आगमन सिद्ध झाले असते त्या उतरण्याच्या नोंदी २०१० साली शासनानेच नष्ट केल्या होत्या. अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, काहींना देशाबाहेर घालविण्यात आले, आणि २०१८ साली पंतप्रधानांना क्षमा मागावी लागली. पुरावा शासनाच्याच कपाटात होता, तो आणण्याची जबाबदारी मात्र नागरिकावर टाकण्यात आली होती.

आसामात नागरिक नोंदणीच्या वेळी लक्षावधी विवाहित स्त्रियांपुढे हाच पेच आला. शाळेचा दाखला नाही, जन्माची नोंद नाही, लग्नानंतर गाव बदललेले. माहेरच्या पित्याशी नाते जोडणारा कागद म्हणजे ग्रामपंचायत सचिवाचे प्रमाणपत्र. उच्च न्यायालयाने ते अग्राह्य ठरविले, परंतु डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योग्य पडताळणीच्या अटीवर ते स्वीकारण्यास मान्यता दिली. बीडच्या फडात जाणारी लेक-सून याहून वेगळ्या स्थितीत नाही.

सर्वांत बोधप्रद उदाहरण अमेरिकेचे आहे, कारण ते शेतमजुरांचेच आहे. १९८६ च्या कायद्याने तेथे अशी तरतूद केली, की १ मे १९८६ पूर्वीच्या वर्षभरात ठराविक पिकांत किमान ९० दिवस काम केलेल्या परदेशी शेतमजुराला कायदेशीर वास्तव्याचा अर्ज करता यावा. हे मजूर टोळीप्रमुखांमार्फत कामाला लागत. नावे कोणाच्या वहीत नसत. ही अडचण ओळखून कायद्याने असे म्हटले, की मजुराने उपलब्ध पुराव्यातून आपल्या कामाचे न्याय्य आणि वाजवी अनुमान काढता येईल इतके दाखवावे. मग ते खोडून काढण्याची जबाबदारी शासनाची. या योजनेखाली सुमारे १३ लाख अर्ज आले.

खोट्या दाखल्यांची भीती

अमेरिकेच्या त्या योजनेत खोटी प्रतिज्ञापत्रेही मोठ्या प्रमाणात आली, हे लपविण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातही २०२५ मध्ये विलंबाने झालेल्या जन्मनोंदींची चौकशी झाली आणि नियम कडक करण्यात आले. कोणीही यावे आणि दाखला घेऊन जावे, अशी मोकळीक कोणतेच राज्य देऊ शकत नाही. पडताळणी हवीच, हे मान्य करावयास हवे. परंतु नियम कडक केल्याने खोटेपणा थांबतो, हे गृहीत धरणे चुकीचे ठरेल. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला कडक नियमातूनही कागद मिळतो. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याला खरा कागदही मिळत नाही, आणि तो दलालाच्या दारी जातो. कठीण कागद हा दलालाचा भांडवली माल असतो. दुर्मिळ वस्तूची किंमत वाढते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक नियम दाखल्यांनाही लागू पडतो.

शिवाय शासनाची कसोटी सर्वांना सारखी असावी, ही अपेक्षा रास्तच आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम लागू केले. शेजारच्या देशांतून आलेल्या विशिष्ट अर्जदारांनी भारतातील आगमनाचा पुरावा म्हणून जे कागद द्यावयाचे, त्यांत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या निर्वाचित सदस्याचे प्रमाणपत्रही ग्राह्य धरले आहे. बाहेरून आलेल्या निराधार माणसाच्या बाबतीत दाखविलेली ही समज योग्यच आहे. मग येथेच जन्मलेल्या मजुराच्या बाबतीत सरपंचाच्या आणि ग्रामस्थांच्या शब्दाला वजन का असू नये?

करता येण्यासारखे काय?

उपाय खर्चिक नाहीत. पहिला उपाय म्हणजे कामाची नोंद मजुराच्या हाती देणे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने प्रत्येक मजुराला छायाचित्र असलेले पासबुक द्यावे, अशी तरतूद होती. तो कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरताच होता, म्हणजे बेळगावला जाणाऱ्याला तो लागू आणि कोल्हापूरला जाणाऱ्याला नाही. पुढे तो २०२० च्या श्रमसंहितेत सामावला गेला. पासबुकाची ती कल्पना महामंडळाच्या ओळखपत्राला जोडता येईल. पती आणि पत्नी या दोघांना स्वतंत्र पुस्तिका, तीत गाव, कारखाना, हंगामाचा आरंभ व शेवट, आणि काट्यावरील नोंदीचा आधार, एवढे पुरे आहे. पाच वर्षांच्या पाच नोंदी म्हणजे वास्तव्याचा आणि कामाचा असा पुरावा, की जो कोणत्याही मुद्रांकाहून अधिक विश्वसनीय ठरेल.

दुसरा उपाय गावपातळीवरील सामूहिक साक्षीचा. ग्रामसभेत नावे वाचून, हरकती मागवून, तलाठी व ग्रामसेवक यांनी दरवर्षी पावसाळ्यात, म्हणजे माणसे गावी असताना, स्थलांतरित कुटुंबांची यादी कायम करावी. ज्याचे नाव त्या यादीत आहे त्याचे वास्तव्य सकृद्दर्शनी सिद्ध मानावे. शंका असल्यास ती सिद्ध करण्याचा भार शासनाने वाहावा. भर ग्रामसभेत खोटे नाव घुसविणे हे एकट्या लिपिकाच्या टेबलावर खोटा कागद ठेवण्याहून पुष्कळ कठीण असते.

तिसरी गोष्ट शासनाच्या इच्छाशक्तीची. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमण्यात आली, तेव्हा मराठवाड्यातील कचेऱ्यांची कपाटे उघडली गेली, निजामकालीन उर्दू आणि मोडी दफ्तरे वाचली गेली. त्या निर्णयाच्या राजकारणाविषयी मतभेद असतील. परंतु नोंद शोधण्याचे काम शासन स्वत: करू शकते, हे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले. जे एका समाजासाठी शक्य झाले ते १९६१ चा पुरावा शोधत भटकणाऱ्या बंजाऱ्याच्या आणि वैदूच्या नातवासाठीही शक्य असले पाहिजे.

आणि चौथी गोष्ट वेळापत्रकाची. २०२७ च्या जनगणनेसाठी १ मार्च हा संदर्भदिन जाहीर झाला आहे. मार्चच्या त्या पहिल्या दिवशी बीडच्या अनेक वस्त्यांत म्हातारी माणसे आणि लहान मुले यांखेरीज कोणी नसेल. ऊस तोडणारे हात तेव्हा फडात असतील. त्यांची मोजणी कोपीवर जाऊन झाली नाही, किंवा झाली तरी त्यांच्या गावाचा उल्लेख नीट झाला नाही, तर देशाच्या सर्वांत मोठ्या नोंदवहीतूनही ते निसटतील. साखर कारखान्यांच्या याद्या हाताशी घेऊन प्रगणकांनी फडावर जाण्याची योजना आधीच आखणे अगत्याचे आहे.

दरवर्षी जूनमध्ये सेतू केंद्रासमोर जी रांग लागते, तिच्यात उभी असलेली मुलगी शासनाकडे उपकार मागत नाही. तिच्या आई-वडिलांनी तोडलेल्या उसाचा प्रत्येक टन कोठल्या ना कोठल्या वहीत आहे. त्यावर कारखाना चालला, कर भरला गेला, कल्याणनिधी जमा झाला. त्या टनांच्या नोंदीशेजारी तिच्या आईचे नाव लिहिण्यास जागा करून देणे, एवढेच करावयाचे आहे. ती जागा झाली, की कोयत्याचे गाव कोणते हे तिला कोणापुढे सिद्ध करीत बसावे लागणार नाही.